पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप मागे चालू असतो, तो पूर्ण झाला हे कोडमध्ये कसं ओळखायचं?

फाइलचा साइज वाढायचा थांबला म्हणजे काम झालं, असं अजिबात धरू नका. नेटवर्क अडकलं तरी साइज थांबतो. पीजी-डंपची (बॅकअप घेणाऱ्या कमांडची) प्रोसेस संपू द्या आणि तिचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना ती देते तो आकडा, बघा. 0 असेल तरच बॅकअप झाला.

खरी गोम पाइपमध्ये आहे, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देण्यात. डंप थेट जीझिपला (फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रामला) जोडला की बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा शेल, तुम्हाला डंपचा नाही, जीझिपचा कोड देतो. हिंजवडीतल्या माझ्या आधीच्या ऑफिसात कनेक्शन तुटून डंप अर्ध्यातच पडला, तरी लॉगमध्ये 'बॅकअप ओके'! कळलं ते रात्री 2 वाजता, रिस्टोअर करताना. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल ऑप्शन चालू कराच, म्हणजे डंप फसला तर कोड 0 येणार नाही.

शिवाय फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, कोड 0 आला की त्याच डिस्कवर नाव बदला. मग दुसऱ्या प्रोग्रामने फक्त ते शेवटचं नाव शोधायचं.