मिक्सर उघडून बसणारा मुलगा

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. इंजिनिअर व्हायचंय म्हणतो पण जेईई फाउंडेशनच्या क्लासला जायचं म्हटलं की रोज कटकट. घरी मात्र तासन् तास काहीतरी उघडून बसतो. परवा मिक्सर ठिणग्या टाकायला लागला तर तोच उघडला, मी खूप ओरडले. ही खरी आवड की नुसता टाइमपास? मुलांना इंजिनिअर व्हावंसं वाटतं ते नक्की कशामुळे?
– एक आई, सिंहगड रोड

उत्तर : ताई, सकाळच्या डब्याच्या घाईत मिक्सरचे पार्ट ओट्यावर पसरलेले दिसले की कोणीही ओरडेल. पण ठिणग्या बघून त्याला आत बघावंसं वाटलं ना, मला तरी ही आवड अगदी खरी वाटते. बहुतेक वेळा आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात, स्वस्तात मिळतात. प्लग काढलेला आहे ना हे तुम्ही स्वतः बघा आणि ब्रश त्यालाच बदलू द्या.

माझं सांगतो. काका भोसरीला टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातायचे, मी सातवीत असताना एकदा त्यांच्या शॉपवर घेऊन गेले, लेथवरून निळसर गरम बर, म्हणजे धातूची कात्रणं, निघत होती, सगळीकडे कूलंटचा वास, आणि त्यांनी माझ्याच डोक्यातला एक केस उपटून मायक्रोमीटरमध्ये धरला आणि म्हणाले वाच. सात शतांश मिलिमीटर! केसाची जाडी मोजता येते हे मला माहीतच नव्हतं, त्या रात्री झोप नाही आली मला. नंतर अभ्यासाचा कंटाळा खूपदा आला पण तो केस काही डोक्यातून गेला नाही.

मुलांना पॅकेजचे आकडे सांगून ही ओढ लागत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कोणीतरी हातात काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर दाखवावं तरी लागतं. तुम्हाला तर खडकवासला इतकं जवळ. विश्वेश्वरय्या पुण्यातच इंजिनिअरिंग शिकले आणि 1903 मध्ये त्यांनी या धरणाला आपोआप चालणारी दारं बसवली, पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की उघडायची, उतरलं की परत बंद. त्याला धरणावर घेऊन जा आणि विचारा, माणूस नसताना दार उघडायचं कसं? लगेच उत्तर सांगू नका, घरी येऊन त्याला कागदावर काढू दे.

क्लासचं म्हणाल तर गणित, फिजिक्स लागणारच, ते सुटत नाही. पण जेईई हा एकच रस्ता नाहीये, दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलांना तो खूप मानवतो. लोक काय म्हणतील म्हणून तो बाद करू नका.

मिक्सरचं काय झालं ते मात्र नक्की कळवा.