एलिंग्टनचा १९४०-४२चा कुठला संच घ्यावा?

तुम्ही विचारलंय की अमेरिकन जॅझ वाद्यवृंदाचा प्रमुख ड्यूक एलिंग्टन याच्या या काळातल्या रेकॉर्डिंग्जचे दोन संच दिसतात, १९८६चा 'द ब्लँटन-वेब्स्टर बँड' आणि २००३चा 'नेव्हर नो लॅमेंट'. तर २००३चा घ्या.

दोन्हींत तीन-तीन सीडी आहेत आणि संगीत जवळपास तेच आहे. फरक सफाईचा आहे. ही गाणी मुळात ज्यांवर निघाली, त्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकडीत खरखर असतेच. ती फार घासूनपुसून काढली की तिच्याबरोबर झांजांची चमक आणि ट्रंपेटची धारही जाते. १९८६च्या संचाचा आवाज त्यामुळेच कोंदट वाटतो. मी तर म्हणेन, थोडी खरखर राहू द्यावी, कान दहा मिनिटांत सरावतो.

पहिल्यांदा 'जॅक द बेअर' लावा, आणि शक्यतो हेडफोनवर. बँडचा वादक जिमी ब्लँटन याचा बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) इथे नुसता ताल धरत नाही, स्वतः गातो. हा मुलगा १९४२ मध्ये क्षयानं गेला तेव्हा फक्त २३ वर्षांचा होता. त्याच्या बोटांचा प्रत्येक आघात ऐकू येत नसेल, तर तो संच माझ्या लेखी बाद.

पुढे संग्रह वाढवायचा तर फ्रान्सची 'क्रोनॉलॉजिकल क्लासिक्स' मालिका तारखेच्या क्रमानं लावलेली आहे, पण तिच्यात एकाच गाण्याचे पर्यायी टेक (त्याच गाण्याची पुन्हा वाजवून केलेली रेकॉर्डिंग्ज) नाहीत. ते हवे असतील तर 'मोझॅक' या रेकॉर्ड कंपनीचे संच पाहा. प्रती मोजक्याच निघतात, म्हणून दिसला की घेऊन टाका. आणि कुठल्याही स्वस्त संचाच्या पुस्तिकेत रेकॉर्डिंगची तारीख आणि वादकांची नावं नसतील, तर तो तिथेच ठेवा.