ब्रिटिश गायिका किम वाइल्ड यांनी गाणे सोडून बागकाम पत्करले, हे खरे आहे का?

अर्धेच खरे आहे: १९९६ मधील विवाहानंतर, मुले लहान असताना, किम वाइल्ड काही वर्षे संगीतापासून दूर राहिल्या आणि बागकाम हा त्यांचा दुसरा व्यवसाय झाला, पण गाणे त्यांनी कायमचे सोडले नाही. हे बागकाम म्हणजे फावल्या वेळचा छंद नव्हता; त्यांनी उद्यानविद्येचे रीतसर शिक्षण घेतले, दूरचित्रवाणीवर बागांचे कार्यक्रम केले आणि २००५ साली लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात त्यांच्या अंगणबागेला सुवर्णपदक मिळाले, जे त्या क्षेत्रात मुरलेल्यांनाही सहजासहजी मिळत नाही. मात्र त्याआधीच, २००३ मध्ये, जर्मन गायिका नेना यांच्यासोबतच्या युगुलगीताने त्या युरोपात पुन्हा गाजल्या होत्या. १९८१ मध्ये ‘किड्स इन अमेरिका’ या पहिल्याच गाण्याने ब्रिटनच्या क्रमवारीत दुसरे स्थान पटकावले तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. वडील मार्टी वाइल्ड, जे स्वतः १९५० च्या दशकातले नामांकित रॉक अँड रोल गायक, आणि भाऊ रिकी यांनीच ते रचले होते. १९८७ मध्ये ‘द सुप्रीम्स’ या अमेरिकन गायिकांच्या समूहाच्या एका जुन्या गाण्याला त्यांनी दिलेले नवे रूप अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. एक खुलासा आवश्यक आहे: त्यांना सरसकट ‘न्यू वेव्ह’ (पंक रॉकनंतर आलेली, इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर भर देणारी पॉप-रॉक शैली) गायिका म्हटले जात असले, तरी ते बिरुद सुरुवातीच्या अल्बमांनाच शोभते, कारण पुढचे बरेचसे काम सरळ नृत्याच्या ठेक्यावरचे पॉप आहे.