गुण नंतर, आधी तारीख

प्रिय,

तुझी यादी वाचली. बेचाळीस अल्बम, प्रत्येकापुढे दहापैकी गुण, आणि शेवटी एक ओळ : "मावशी, माझी मतं बरोबर आहेत का सांग." बरोबर की चूक हे मी ठरवणार नाही. पण ती मतं तुझीच आहेत ना, एवढं मला विचारायचं आहे.

माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या जॅझ अल्बमला तू दहा दिलेस आणि पुढे एकच शब्द लिहिलास, 'मास्टरपीस'. आता सांग, त्यातल्या दुसऱ्या तुकड्यात पियानोवरचा माणूस बदलतो ते तुला जाणवलं का? बाकी सगळीकडे बिल एव्हन्स आहे, 'फ्रेडी फ्रीलोडर'मध्ये मात्र विंटन केली. एव्हन्स सूर हळूच ठेवून बाजूला होतो, केली ठेक्याला धरून बागडतो. नावं माहीत नसली तरी काही बिघडत नाही. 'इथे काहीतरी निराळं झालं' एवढं कानाला कळलं असेल, तर ते दहा तुझे. नसेल कळलं, तर ते कोणाकडून तरी उतरवून घेतलेले आहेत.

याच अल्बमची एक गोष्ट सांगते. मार्च १९५९ मध्ये न्यूयॉर्कला त्याची पहिली बैठक झाली, तेव्हा ध्वनिमुद्रणाचं यंत्र किंचित मंद चालत होतं. त्यामुळे रेकॉर्डची पहिली बाजू नेहमीच्या वेगाने वाजवली की सुरात जराशी चढी लागते. ही चूक दुरुस्त करून सीडी निघाल्या त्या थेट १९९० च्या दशकात. माझा कान जुन्या रेकॉर्डवर तयार झालेला. नवी सीडी पहिल्यांदा लावली तेव्हा ती मला उतरलेली वाटली, आणि वहीत मी लिहून टाकलं, "सीडीवाल्यांनी बिघडवलं." जे बरोबर होतं तेच मला चुकीचं वाटलं, कारण मला सवय दुसऱ्याची होती. ते पान मी खोडलेलं नाही.

त्या वहीबद्दलच तुला लिहायचं आहे. १९७९ साली मी फोर्टातल्या बँकेत लागले. जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात जायचं. विकत घेणं महिन्याकाठी एखादीच रेकॉर्ड, पण तिथे बूथमध्ये उभं राहून ऐकता यायचं. परत येऊन टेबलाशी लिहायचं : अल्बम, तारीख, कुठे ऐकला, काय वाटलं. गुण कधीच दिले नाहीत, कारण गुणांवरून आपण काय ऐकलं होतं ते दहा वर्षांनी आठवत नाही. वाक्यावरून आठवतं. २०१६ च्या फेब्रुवारीत ते दुकान बंद झालं तेव्हा मी माझ्या सगळ्या वह्या काढून रात्री उशिरापर्यंत वाचत बसले होते.

त्यातली एक नोंद १९८१ ची आहे. किशोरीताई आमोणकरांची ती रेकॉर्ड, एका बाजूला राग भूप आणि दुसऱ्या बाजूला राग बागेश्री. मी लिहिलंय, "बागेश्री सुरेख. भूप ठीक. पाचच सूर, त्यात किती वेळ घालवणार?" तेवीस वर्षांची होते मी, आणि साधं म्हणजे कमी अशी माझी पक्की समजूत होती. पुढे १९८८ मध्ये दादरला सकाळच्या एका मैफलीत राग देशकार ऐकला. सूर तेच : सा रे ग प ध. पाचही तेच, आणि तरी तो भूप नव्हता, कुठल्याही क्षणी नव्हता. बसमध्ये सबंध वाटभर मी मनात दोन्ही लावून बघत होते. भूपाचा जीव गंधारात, म्हणजे 'ग'मध्ये असतो, देशकाराचा धैवतात, म्हणजे 'ध'मध्ये, हे वाचलेलं होतं. पण वाचलेलं त्या दिवशी पहिल्यांदा कानात उतरलं.

घरी येऊन रेकॉर्ड लावली. 'प्रथम सुर साधे' या संथ लयीच्या विलंबित बंदिशीत ताई गंधारावर येतात, तिथे टेकतात, पुन्हा निघतात, आणि दर वेळी तो गंधार वेगळ्या वाटेने येऊन भेटतो. त्यानंतर 'सहेला रे' सुरू होतं तेव्हा दार उघडून कोणीतरी घरचं माणूस आत यावं तसं वाटतं. रेकॉर्डच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांहून जास्त मावत नाही. मैफलीत तासभर चालणारा राग तेवढ्यात बसवायचा. जाणकार मंडळी रेकॉर्डवरच्या रागाला आखडलेला राग म्हणतात. मला हे पटत नाही. या भुपात एकही स्वर घाईने आलेला नाही, आणि एकही उगाच आलेला नाही. त्या रात्रीची नोंद अशी आहे : "१९८१ साली मी पाच सूर मोजले होते, ऐकले नव्हते."

मत बदललं की ते चांगल्याच दिशेने बदलतं, असं समजू नकोस. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकून मी सलग चार पानं लिहिली होती. संतूर, बासरी, गिटार आणि मेंढपाळाचा एक दिवस, याने मी भारावून गेले होते. आज तो ऐकताना राग फुलायच्या आत तुकडा संपतो असं वाटतं. ब्रिजभूषण काब्रांची गिटार मात्र अजूनही मला धरून ठेवते. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही ठेवल्यात.

आता जे लिहिणार आहे ते मला जड जातंय. माझ्या वहीत १९७९ पासून २००१ पर्यंत प्रल्हाद शिंदे नाहीत. गिरगावात राहून! गणपतीत, लग्नात, नाक्यावरच्या टेपवर तो आवाज रोज कानावर पडत होता. मी त्याला 'ऐकण्याच्या संगीता'त धरलंच नव्हतं. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने एकदा ६ डिसेंबरला शिवाजी पार्कातल्या स्टॉलवरून घेतलेली भीमगीतांची कॅसेट मला मुद्दाम आणून दिली. मी जॅझवर बोलायची, म्हणून त्याला वाटलं, हिला संगीताची आवड आहे. आठवडाभर ती माझ्या पर्समध्ये होती. न ऐकताच परत केली, आणि वर म्हटलं, "छान आहे हं."

पुढे एका आषाढीला 'चंद्रभागेच्या तीरी' नीट, दुसरं काही न करता ऐकलं. वरच्या पट्टीत जाताना तो आवाज जराही आवळत नाही, उलट तिथे जास्त मोकळा होतो. शब्द फेकताना कव्वालीची धार असते आणि तरी भजनाची माया सुटत नाही. हे सगळं माझ्या दारात बावीस वर्षं वाजत होतं. तो सहकारी तोपर्यंत निवृत्त होऊन गावी गेला होता. त्याला खरं मत सांगायचं राहूनच गेलं.

म्हणून तुझ्या यादीत काय आहे यापेक्षा काय नाही ते मी आधी पाहिलं. बेचाळीसात मराठी एकच, १९९८ चा 'गारवा', आणि तोही 'आईबाबांचा' म्हणून चार गुणांवर. चार दे, माझी हरकत नाही. त्यातल्या काही चाली मलाही एकमेकींच्या बहिणी वाटतात. पण आईबाबांचा असणं हा अल्बमचा दोष कसा? गाण्याआधी सौमित्र कविता बोलतो आणि त्याच ओलाव्यात मिलिंद इंगळेंचा सूर लागतो, ती जागा ऐकून मग चार दे.

डिव्हाइन या रॅपरचा 'कोहिनूर' तू सांगितलास म्हणून दोनदा ऐकला. शब्द ठेक्याच्या मागेपुढे खेळवण्याची त्याची हातोटी मला फार आवडली. मात्र 'रॅप म्हणजे आपला पोवाडाच' असं तू खाली लिहिलंस, ते मान्य नाही. पोवाड्यात शाहीर दुसऱ्याचा पराक्रम सांगतो आणि मागे झीलकरी त्याचा सूर उचलून धरतात. रॅपर बहुतेक वेळा स्वतःचीच कहाणी सांगतो आणि ती एकट्याने पेलतो. दोन्ही मोठ्या गोष्टी आहेत. एकीला मान देण्यासाठी दुसरीचं नाव कशाला लावायचं?

रेडिओहेड या बँडच्या 'किड ए'ला तू तीन दिलेस, 'गाणीच नाहीत' म्हणून. २००० सालच्या माझ्या वहीत जवळपास हेच वाक्य आहे. आजही तो मला निम्माच पोचतो. हेवी मेटल तर तेवढंही नाही, म्हणून त्यावर मी मत देत नाही. 'मला पोचलं नाही' असं लिहायला तूही शीक. ते 'वाईट आहे'पेक्षा वेगळं वाक्य आहे.

आणि कृपा करून लोकलमध्ये ऐकून गुण देऊ नकोस. दादर ते वांद्रे गाडीच्या खडखडाटात मंद्र सप्तक, म्हणजे खालचे सूर, सगळंच्या सगळं बुडतं. तू बागेश्रीला सहा दिलेस ते संध्याकाळी ५:५२ च्या विरार फास्टमध्ये, हे तूच लिहिलंयस. ते सहा गाडीचे समज.

रविवारी ये. दुपारी शेजारच्या आजी झोपलेल्या असतात, आणि भूपही संध्याकाळचाच, तेव्हा दिवेलागणीला ये. रेकॉर्डची सुई नवी बसवली आहे. फोन बाहेरच्या खोलीत ठेवू. येताना एक कोरी वही आण, शंभर पानी चालेल, आणि पहिल्या पानावर तारीख घालून ठेव.

तुझी,
मावशी