शाळेचे वीजबिल आणि सभागृहातला प्रश्न

अनेक आशीर्वाद.

आमदारांच्या कार्यालयात रुजू होताच हिवाळी अधिवेशनाच्या तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायच्या, प्रश्नांचे मसुदे तुझ्याकडे सोपवले गेले आणि त्यांत ऊर्जा व शालेय शिक्षण हे दोन विभाग तुझ्या वाट्याला आले, हे वाचून समाधान वाटले. जिल्हा परिषद शाळांच्या खंडित वीजपुरवठ्यावरचा जो मसुदा तू सोबत पाठवलास, तो मी लक्षपूर्वक वाचला. भाषेत दोष नाही आणि तळमळही दिसते. मात्र तो जसाच्या तसा गेला, तर त्याचे छापील उत्तर काय येईल ते मी आजच लिहून देतो: ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) थकबाकी भरण्याबाबत संबंधितांना सूचना देण्यात आल्या आहेत. (४) प्रश्न उद्भवत नाही.’

असे का होईल ते पाहा. ‘जिल्ह्यातील अनेक शाळांची वीज थकबाकीमुळे तोडण्यात आल्याने विद्यार्थ्यांचे मोठे शैक्षणिक नुकसान होत आहे, हे खरे आहे काय?’ असे तू लिहिले आहेस. या एका वाक्यात चार विधाने दडली आहेत: शाळा अनेक आहेत, वीज तोडली आहे, कारण थकबाकी आहे आणि नुकसान मोठे आहे. उत्तर लिहिणाऱ्याला यांतले कोणतेही एक अमान्य केले की पुरते. ‘हे खरे आहे काय’ हा आपल्या विधानमंडळातला रूढ साचा आहे, तो टाळता येणार नाही आणि टाळण्याचे कारणही नाही. मात्र त्याच्या पोटात एकच आणि तीही कागदावर तपासता येईल अशी गोष्ट ठेवावी, आणि त्यापुढे किती, कधीपासून, कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून, असे विचारत जावे. मत, उपरोध आणि आरोप यांना प्रश्नात जागा नसते. लोकसभेच्या नियम ४१ मध्ये तर हे स्पष्टच लिहिलेले आहे आणि तिथे प्रश्नाला १५० शब्दांची मर्यादाही आहे.

उत्तर मंत्री वाचतात, पण ते घडते फार खाली, हे ध्यानात ठेव. विधानमंडळ सचिवालयाकडून प्रश्न विभागाकडे जातो, तिथला कक्ष अधिकारी तो महावितरणच्या ‘प्रकाशगड’ या मुख्यालयाकडे आणि पुण्याला शिक्षण संचालकांकडे धाडतो; तिथून एकीकडे परिमंडळ, मंडळ, विभाग, उपविभाग आणि दुसरीकडे शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख अशा पायऱ्या उतरत तो अखेरीस मुख्याध्यापकाच्या मोबाइलवर ‘तारांकित प्रश्न – अत्यंत तातडीचे – माहिती आजच सादर करावी’ अशा संदेशाच्या रूपाने येऊन थडकतो. द्विशिक्षकी शाळेत त्या दिवशी एक वर्ग बुडतो. मोघम प्रश्नाची किंमत ही अशी कुणीतरी मोजत असते, म्हणून ज्या माहितीचा उपयोग ठरलेला नाही ती मागू नये. आणि ज्या नोंदवहीत एखादी गोष्ट लिहिलेलीच नसते, तिच्याविषयी उत्तरही येत नाही. तेव्हा कोणती नोंद कोण ठेवतो हे आधी शोधायचे आणि मग लेखणी उचलायची.

तुझ्या विषयातच हे करून पाहू. महावितरणच्या लेखी खंडित जोडण्या दोन प्रकारच्या असतात: तात्पुरत्या खंडित आणि कायमस्वरूपी खंडित, ज्याला तिथले कर्मचारी नुसते ‘पीडी’ म्हणतात. जोडणी पीडी झाली की तो ग्राहक चालू ग्राहकांच्या संख्येत राहत नाही. त्यामुळे ‘किती शाळा ग्राहकांकडे थकबाकी आहे’ असे तू विचारलेस आणि उत्तर फक्त चालू ग्राहकांपुरते आले, तर ज्या शाळा सर्वांत आधी अंधारात गेल्या त्याच आकड्यातून निसटतील, आणि उत्तर खोटेही ठरणार नाही. शिक्षण विभागाच्या यू-डायस प्लस या शाळांची माहिती नोंदवण्याच्या प्रणालीतही अशीच एक फट आहे. शाळेत वीजजोडणी आहे का, ही एक नोंद आणि ती वीज प्रत्यक्ष चालू आहे का, ही दुसरी. नेमके कोणते विचारायचे आहे ते आपणच सांगितले पाहिजे, नाहीतर सोयीचे ते निवडले जाते.

मग पैशाचा मार्ग. शाळेचे वीजबिल एकदा हातात घेऊन पाहा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. मे महिन्यात शाळेला कुलूप असते, पंखा फिरत नाही, पण स्थिर आकार येतोच. बिल दरमहा येते आणि ते ज्यातून भरायचे ते सादिल (किरकोळ खर्चाचे) अनुदान किंवा समग्र शिक्षा योजनेतले संयुक्त शाळा अनुदान बहुतेकदा वर्ष संपत आल्यावर हाती पडते. मधल्या महिन्यांचे व्याज कोणी भरायचे हे कुणीच ठरवलेले नसते. शिवाय शाळा जिल्हा परिषदेची, म्हणजे ग्रामविकास विभाग. शिक्षक आणि अनुदान शालेय शिक्षण विभागाचे. तार ऊर्जा विभागाची. या तिघांतल्या एकालाच प्रश्न विचारलास तर तो दुसऱ्याकडे वर्ग होईल किंवा ‘ही बाब या विभागाशी संबंधित नाही’ एवढ्यावर मिटेल.

शिक्षण हक्क कायद्याचा आधार घ्यावा असे तुला वाटले आहे, पण इथे जपून. २००९ च्या त्या कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, कुंपण, सगळे आहे. विजेचा उल्लेख नाही. तो आधार घेतलास तर मंत्र्यांना सुटका आयती मिळेल.

तेव्हा मसुदा साधारण असा व्हावा: ‘(१) दिनांक ३१ मार्च अखेर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या काही प्राथमिक शाळांचा वीजपुरवठा खंडित होता, हे खरे आहे काय, असल्यास तो किती शाळांचा तात्पुरता व किती शाळांचा कायमस्वरूपी खंडित होता, (२) या शाळांच्या थकबाकीत मूळ रक्कम, व्याज व स्थिर आकार स्वतंत्रपणे किती आहे, (३) मागील तीन आर्थिक वर्षांत वीजबिलासाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती अनुदान कोणत्या दिनांकास वितरित करण्यात आले, (४) पुरवठा पूर्ववत करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?’ यात कुठे आवाज चढलेला नाही, पण तिसऱ्या भागातली ‘दिनांकास’ ही मागणी उत्तर देणाऱ्याला बरेच काही कबूल करायला लावील.

सरकारी व्याख्यांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण या दोन्ही विभागांत निम्मी लढाई तिथेच हरली जाते. २८ एप्रिल २०१८ रोजी देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. ते कागदोपत्री योग्यच होते, कारण २००४ पासूनच्या व्याख्येनुसार वस्तीत रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) व वाहिन्या असल्या, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज पोहोचली आणि किमान १० टक्के घरांत जोडणी असली की गाव विद्युतीकृत धरले जाते. उरलेल्या घरांचे काय, असे विचारणाऱ्याने ‘गाव’ ऐवजी ‘घर’ विचारायला हवे होते. शिक्षकांच्या रिक्त पदांचेही तसेच आहे. मंजूर पदे संचमान्यतेवरून, म्हणजे पटसंख्येनुसार शाळेला किती शिक्षक द्यायचे याच्या मंजुरीवरून, ठरतात आणि संचमान्यतेचे निकष बदलले, जसे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलले, की एकाही शिक्षकाची नेमणूक न होता रिक्त पदांचा आकडा खाली येऊ शकतो. म्हणून मंजूर, कार्यरत आणि रिक्त हे तिन्ही आकडे एकाच तारखेचे आणि निकष बदलण्याआधीचे व नंतरचे मागावेत.

वीजदरावर तू अजून काही लिहिलेले नाहीस, पण मतदारसंघातून ती मागणी येणारच. ‘दरवाढ का केली’ असा प्रश्न ऊर्जामंत्र्यांना विचारण्यात अर्थ नसतो. दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि तेवढे सांगून मंत्री खाली बसतात. शासनाच्या हातात जे आहे ते विचारावे. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम ६५ नुसार शासनाला एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम आगाऊ द्यावी लागते. २०२४ मध्ये ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय झाला; तर त्यापोटी किती रक्कम देय होती, किती रोखीने दिली, किती समायोजनाने, म्हणजे येणे-देणे वळते करून, दाखवली आणि कोणत्या महिन्यात? तसेच, न घेतलेल्या विजेपोटी कोणत्या वीजखरेदी करारांखाली किती स्थिर आकार भरला? एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या प्रकरणाने महाराष्ट्राला ही दुसरी बाब फार महागात शिकवली. १९९३ च्या त्या करारात वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचा आकार देणे भाग होते, आणि तोही डॉलरच्या दराशी बांधलेला. अखेर २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती वीज घेणे थांबवले.

छापील उत्तर म्हणजे निम्मे काम. खरा उपयोग पूरक प्रश्नाचा, म्हणजे त्या उत्तरावर सभागृहात लगेच विचारायच्या उपप्रश्नाचा, आणि तो हक्क सहज मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातील सदस्यांना प्रश्न विचारता येऊ लागले, पण उत्तरावर पूरक प्रश्न विचारण्याची मुभा १९०९ च्या कायद्याने आली. त्याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्यात खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा असा हिशेब त्यांनी स्वतःच मांडून दिला होता. शाळेचा खर्च सरकारचा की स्थानिक संस्थेचा, हा वाद एवढा जुना आहे. आमदारांना पूरक प्रश्न देताना लांबलचक टिपण देऊ नकोस. दोन ओळी, एक आकडा, आणि तो आकडा ज्या कागदावरून घेतला त्याची प्रत. सभागृहातल्या गोंगाटात त्याहून जास्त वाचले जात नाही.

एक गोष्ट नाइलाजाने लिहितो. सौरपंपांचे पुरवठादार आणि शिक्षणसंस्थाचालक तुझ्याकडे तयार प्रश्न घेऊन येतील, आणि त्यांतले काही प्रश्न खरोखर चांगले असतील. तरी ते आपल्या माहितीवर नव्याने तपासल्याशिवाय आणि त्यामागचा हितसंबंध आमदारांना सांगितल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नकोस. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेच्या ११ सदस्यांची हकालपट्टी झाली.

उत्तरात ‘कार्यवाही करण्यात येईल’ किंवा ‘तपासून निर्णय घेऊ’ असे आले की ती तारीख टिपून ठेव. सभागृहात मंत्र्यांनी दिलेला असा शब्द आश्वासन धरला जाऊ शकतो आणि विधानमंडळाची आश्वासन समिती त्याचा हिशेब मागू शकते. पण पाठपुरावा तुलाच करावा लागेल, कारण अधिवेशन संपले की प्रश्न विचारणाऱ्यालाही त्याचा विसर पडतो.

सुधारलेला मसुदा सादर करण्यापूर्वी मतदारसंघातल्या एखाद्या शाळेचे ताजे बिल मागवून घे आणि त्यावरचा दरवर्ग बघ. जिल्हा परिषदेची शाळा ‘सार्वजनिक सेवा – शासकीय’ या वर्गात असायला हवी. ती वाणिज्यिक दराने आकारली जात असेल, तर तो स्वतंत्र प्रश्न आहे, आणि तो एकट्या ऊर्जा विभागालाच विचारायचा.

कळावे.