मुंबई-टोकियो: तिकिटावरचे तास आणि हवेतले तास

ताई, तुमचा प्रश्न असा: आईंना (वय 68, गुडघेदुखी) सांगलीहून टोकियोला भावाकडे न्यायचंय, तिकिटावर जाताना साडेअकरा तास दिसतात आणि येताना साडेसहाच. अंतर एकच, मग असं कसं? आणि आईंना इतका वेळ बसवेल का?

आधी घड्याळाचं बघू. तिकिटावर निघायची वेळ निघायच्या गावची आणि पोचायची वेळ पोचायच्या गावची छापतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, बारा महिने. रात्री 8 ला मुंबई सोडून सकाळी 7:30 ला टोकियो, म्हणजे साडेअकरातून साडेतीन वजा: प्रत्यक्षात 8 तास. परतताना सकाळी 11:30 ला निघून संध्याकाळी 6 ला मुंबई. इथे साडेतीन मिळवायचे, म्हणजे 10 तास. छोटा दिसणारा प्रवासच मोठा आहे, म्हणून आईंची खरी तयारी परतीची करा.

हे दोन तास वाऱ्याचे. सरळ अंतर पावणेसात हजार किलोमीटरच्या आसपास. साधारण 10-12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. जपानवर तर हिवाळ्यात तो ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. 1920 च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञानेच फुगे सोडून तो मोजला होता. वाटेत सरासरी 100 चा वारा धरला, तर ताशी 900 ने उडणारं विमान जाताना जमिनीच्या हिशेबाने 1000 ने जातं, येताना 800 ने. उन्हाळ्यात हा वारा मंदावतो आणि उत्तरेला सरकतो, तेव्हा फरक कमी होतो. पृथ्वी फिरते म्हणून वेळ वाचतो असं बरेच जण सांगतात, ते बरोबर नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

आता माझी खरी काळजी. सांगली ते मुंबई विमानतळ रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, पेठ नाक्यावरून हायवेला लागून सात-आठ तास सहज जातात. म्हणजे आई टोकियोइतकाच प्रवास विमानात बसायच्या आधीच करणार. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही खंबाटकीत दोन तास अडकलो होतो, वडील सोबत होते. विमान मिळालं, पण त्यांचे पाय सुजले ते चार दिवस उतरले नाहीत. तेव्हापासून आदल्या दिवशीच मुंबई गाठतो.

येतानाही रात्रीच्या ट्रॅव्हल्सने लगेच निघू नका. संध्याकाळी 6 ला उतराल तेव्हा आईंच्या शरीराचे, म्हणजे जपानच्या घड्याळाचे, रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतील. एक रात्र मुंबईत काढा. सीट मधल्या वाटेच्या कडेची घ्या (खिडकीची नको), म्हणजे दर दीड-दोन तासांनी उठता येईल. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, तिचे पैसे पडत नाहीत. बीपीची गोळी असेल तर कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.