आंब्यावरचं बांडगूळ झाडाचं नक्की काय बिघडवतं?

तुम्ही विचारलंय की गावच्या हापूसच्या जुन्या कलमावर बांडगुळाचे झुबके वाढलेत, पानं तर हिरवीगार आहेत, म्हणजे ते स्वतःचं अन्न स्वतः करत असणार. मग ते झाडाकडून घेतं काय, त्याने कलम मरेल का, आणि बांधावरच्या किंजळाच्या झाडावर आहे तेही काढायचं का? कोकणात आमचीही कलमं आहेत आणि मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा तर्क अर्धा बरोबर आहे. आपल्याकडे आंब्यावर सर्रास दिसणारं बांडगूळ म्हणजे डेंड्रोफ्थी फॅल्काटा. त्याच्या पानांत हरितद्रव्य असतं, साखर ते स्वतः बनवतं. पण जमिनीत जाणारी मुळं त्याला नसतात. म्हणून पाणी आणि पाण्यात विरघळलेले क्षार ते आंब्याकडून घेतं. त्याचं शोषक मूळ सालीतून आत शिरतं आणि लाकडातल्या, पाणी वर नेणाऱ्या नलिकांनाच जाऊन भिडतं. मुख्य जलवाहिनीला चोरून नळ जोडावा, तसा हा प्रकार. (अमरवेल वेगळी. ती झाडाने तयार केलेलं अन्नही ओढते.) काढलेली फांदी जोडाच्या गाठीपाशी करवतीने उभी चिरून बघा. दोन वेगळ्या पोतांची लाकडं एकमेकांत शिरलेली दिसतात, मधे सालीचा पडदासुद्धा नसतो.

आता खरं नुकसान कुठे होतं ते बघा. भर दुपारी, उन्हाळ्यात, आंबा आपल्या पानांची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मिटून घेतो आणि पाणी वाचवतो. बांडगूळ तेवढी काटकसर करत नाही. त्याची पानं पाणी सोडत राहतात, त्यामुळे पाण्याची ओढ त्याच्याच बाजूला जास्त राहते. पाणी तुटलं की आंब्याला रंध्रं आणखी मिटावी लागतात. रंध्रं मिटली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि पानांचं अन्न बनवणं मंदावतं. म्हणजे बांडगूळ साखर फारशी चोरत नसलं, तरी झाडाची साखर कमी होतेच. पाण्याबरोबर नत्र आणि पालाशही जातं. बांडगुळाच्या पानात पालाश तर यजमान झाडाच्या पानापेक्षा बहुधा जास्तच सापडतं.

सगळ्यात आधी मार बसतो तो जोडाच्या पुढच्या फांदीला. खोडाकडून आलेलं पाणी मधल्या मधे वळतं, पुढची डहाळी बारीक होते, पालवी कमी फुटते आणि दोन-चार वर्षांत वाळते. शेवटी फांदीच्या टोकाला फक्त बांडगुळाचा झुबका उरतो, जणू तोच शेंडा. आंब्याचा मोहोर शेंड्यांवरच येतो. शेंडे गेले की मोहोर गेला, मोहोर गेला की फळ गेलं. बागायतदाराचं नुकसान झाड मरण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं ते असं, आणि ‘अजून झाड उभं आहे ना’ म्हणून थांबणाऱ्यांबद्दल मला म्हणूनच वाईट वाटतं.

एक-दोन झुबक्यांनी मोठं कलम मरत नाही. ज्या फांदीवर बांडगूळ बसलंय ती पूर्ण मेली तर तेही मरतं. पण झुबके वाढत गेले, त्यात एखाद्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि दुबळ्या फांद्यांत भिरूड (लाकूड पोखरणारी अळी) शिरलं, की जुनं झाड सावरत नाही.

झुबके वाढतात ते फुलटोच्यामुळे. अंगठ्याएवढा पक्षी, सतत टिक-टिक करत फिरणारा. बांडगुळाची फळं हा त्याचा आवडता खाऊ. पिकलेलं फळ बोटांनी दाबून बघा: बी चिकट गरासकट बाहेर येतं, झटकलं तरी सुटत नाही, तार धरून लोंबतं. पक्ष्यालाही ते असंच चिकटतं, मग तो ते फांदीवर घासून टाकतो. बीला माती लागत नाही, सालीवरच काही दिवसांत ते रुजतं. फुलटोचा फिरतो तो बहुतेक त्याच परिसरात, म्हणून एका झाडावर झुबका दिसला की शेजारच्या कलमांच्या फांद्या नीट तपासा.

काढताना नुसता झुबका ओढू नका, आतला भाग शिल्लक राहिला तर तो पुन्हा फुटतो. या बांडगुळाची धावती मुळं फांदीच्या सालीवरून सरपटत पुढे जाऊन ठिकठिकाणी नवे जोड देतात, त्यामुळे ती कुठवर पोचलीत ते आधी बघा. गाठीच्या खाली, खोडाकडच्या बाजूला साधारण फूटभर अंतर सोडून फांदी कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. हे काम बांडगुळाची फळं पिकण्याआधी उरका. जोड मुख्य खोडावरच असेल तर फांदी कापून भागत नाही. मग झुबका सालीला घासून कापा आणि ती जागा काळ्या प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळा. उजेड मिळाला नाही की नवे फुटवे तग धरत नाहीत. तणनाशक मारायचा मोह टाळा, दोघांच्या नलिका जोडलेल्या आहेत, ते आंब्यातही उतरू शकतं. आणि वर चढलेल्या माणसाला आमरी (ऑर्किड) दाखवून ठेवा. तीही फांदीवरच वाढते, पुष्कळजण तिलाही बांडगूळच म्हणतात, पण ती झाडाकडून काहीही घेत नाही.

किंजळाचं म्हणाल, तर तो कलमांना लागून असेल तर त्यावरचंही काढा. बागेपासून दूर, रानातच असेल तर हात लावू नका. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवर वाढतात, शिंजीर पक्षी त्याच्या फुलांतला मध पितात. ऑस्ट्रेलियात परिसंस्थांचे अभ्यासक डेव्हिड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने काही वनांमधलं बांडगूळ पूर्ण काढून टाकून पाहिलं होतं, ते काम 2012 साली प्रसिद्ध झालं. तीन वर्षांत तिथल्या पक्ष्यांच्या जाती जवळपास पाचव्या हिश्शाने घटल्या, त्यात बांडगुळाचं फळ न खाणारे, जमिनीवर किडे वेचणारे पक्षीही होते. बांडगुळाची गळणारी पानं पोषणाने भरलेली असतात, ती खाली कुजतात आणि किड्यांना खाद्य मिळतं. रानातल्या किंजळाच्या काही डहाळ्या त्यापायी वाळल्या तरी चालतील.